परिशिष्टातला गणपती

ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात. तिथून नदी ओलांडून डेक्कन मागे टाकलं की लॉ कॉलेज रस्त्यावर, टेकडीच्या पायथ्याशी, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. या संस्थेने जुन्या पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या महाभारतात, म्हणजे चिकित्सित आवृत्तीत, व्यास सांगताहेत आणि गणपती लिहितोय हा प्रसंग मूळ संहितेत नाही. आदिपर्वाच्या पहिल्या परिशिष्टात, पहिल्याच क्रमांकावर तो छापला आहे.

गणपतीच्या शहरात बसून गणपतीला परिशिष्टात ठेवणाऱ्यांनी हे कशाच्या बळावर केलं? आणि त्यामुळे श्रद्धेचं नेमकं काय झालं? श्रद्धा आणि पुरावा यांवर आपल्याकडे वाद पुष्कळ होतात, पण बहुतेक हवेत होतात. एक जण म्हणतो, देवाधर्मात पुरावा मागू नये. दुसरा म्हणतो, पुरावा नसेल तर देवधर्म सोडा. पोथीचं पान उलटून दाखवायला दोघांनाही सवड नसते. आपण पानंच उलटू.

प्रचलित पोथीतली गोष्ट अशी. ग्रंथ मनात तयार आहे, पण लिहून घेणारा कोणी नाही, म्हणून ब्रह्मदेव व्यासांना गणपतीचं स्मरण करायला सांगतात. गणपती येतो आणि अट घालतो की माझी लेखणी क्षणभरही थांबता कामा नये. व्यास उलट अट घालतात, अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही. मग व्यास मध्येमध्ये कूटश्लोक पेरतात, आणि गणपती विचारात पडला की तेवढ्या वेळात पुढचे श्लोक रचतात. असे ८,८०० श्लोक आहेत असं तिथेच सांगितलंय. आता गंमत बघा, मोडलेल्या दाताची लेखणी या प्रचलित पोथीतही नाही. तिथे नुसता ‘लेखनी’ हा शब्द आहे. दात आला तो कीर्तनातून, चित्रांतून, आजीच्या गोष्टींतून. म्हणजे आपल्या मनात जे एकच चित्र आहे त्याचे निदान तीन थर झाले: जुनी संहिता, जिच्यात हा प्रसंग नाही, नंतरची पोथी, जिच्यात लेखणी आहे, आणि लोकपरंपरा, जिने त्या लेखणीला दात दिला. हे थर वेगळे करून दाखवणं म्हणजे पाठचिकित्सा.

संस्था ६ जुलै १९१७ ला स्थापन झाली. महाभारताच्या कामाला १ एप्रिल १९१९ ला सुरुवात झाली, तेव्हा वृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ‘नारायणं नमस्कृत्य’ ही मंगलाची ओळ स्वतःच्या हाताने लिहून श्रीगणेशा केला. भांडारकर प्रार्थना समाजाचे. ईश्वरावर त्यांची निष्ठा होती, आणि कुठलाही ग्रंथ चुकूच शकत नाही हे मात्र त्यांना मान्य नव्हतं. पैशाचा मोठा आधार दिला औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, एक लाख रुपये. ते चित्रकार आणि भाविक राजे होते. या दोघांच्या श्रद्धेतूनच हे काम उभं राहिलं, आणि पुढच्या प्रत्येक पानाला ती पार्श्वभूमी आहे.

काम पार पडायला ४७ वर्षं लागली. १९६६ च्या सप्टेंबरात राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते समाप्ती झाली, तोवर १,२५९ हस्तलिखितं तपासून झाली होती आणि १९ खंड छापले गेले होते. मधल्या काळात तीन प्रमुख संपादक झाले: विष्णु सीताराम सुकथनकर, मग श्रीपाद कृष्ण बेलवलकर, मग परशुराम लक्ष्मण वैद्य. पद्धत घालून दिली ती सुकथनकरांनी. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनला भाषाशास्त्रात डॉक्टरेट केलेला हा माणूस १९२५ मध्ये सूत्रं हाती घेतो आणि १९३३ मध्ये आदिपर्व पुरं करतो. आदिपर्वाच्या सुमारे २३५ पोथ्यांची माहिती तेव्हा होती. त्यांतल्या साठेक त्यांनी प्रत्यक्ष वापरल्या.

वापरल्या म्हणजे काय केलं, ते सांगायला हवं. चौकटी आखलेले कागद घ्यायचे. सगळ्यात वर प्रचलित प्रतीतला श्लोक, एका घरात एक अक्षर असा. त्याच्या खाली एकेका पोथीसाठी एकेक आडवी ओळ. पोथी वाचत जायचं आणि जिथे तिचा पाठ वेगळा असेल तिथे ती अक्षरं बरोबर त्याच घराखाली उतरवायची. प्रत्येक श्लोक किमान दहा पोथ्यांशी ताडून बघायचा. दक्षिणेकडच्या लिप्यांतल्या पोथ्यांसाठी तंजावरला आणि बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनला वेगळी केंद्रं होती, कारण ग्रंथ लिपी किंवा बंगाली लिपी सफाईने वाचणारी माणसं पुण्यात गोळा करण्यापेक्षा काम तिथे नेणं सोपं होतं. कागद भरला की उभ्या रकान्यांत नजर टाकायची. कुठल्या अक्षरावर सगळा देश एकमुखी बोलतोय आणि कुठे दुमत आहे, ते समोर दिसतं.

दुमत का होतं? ज्याने पोथी नकलून काढली त्याच्या जागी बसून बघितलं की कळतं. मांडीवर पाटी, हातात बोरू, समोर जुनी पोथी, आणि ओळी अखंड, शब्द न तोडता लिहिलेल्या. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असतील तर नजर पहिलीवरून थेट दुसरीवर उडी मारते आणि मधला श्लोक गळतो. घ आणि ध, प आणि य, भ आणि म ही अक्षरं शाई फिकी पडली की एकसारखी दिसतात. चूक ध्यानात आली तर त्यावर पिवळी हरताळ लावून अक्षर झाकायचं. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथलाच. पण सगळ्यात मोठी गडबड होते ती समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत. एखादा विद्वान वाचक कठीण शब्दाचा सोपा अर्थ समासात लिहून ठेवतो, किंवा दुसऱ्या पोथीत सापडलेला सुंदर श्लोक तिथे टिपतो. श्लोक जास्त असतील तर वेगळं शोधपत्र लिहून पानांमध्ये सरकवतो. पन्नास वर्षांनी त्या पोथीची नक्कल करणाऱ्याला वाटतं, हे आधीच्या लेखकाकडून राहून गेलं होतं आणि नंतर भरलं. तो ते सगळं मजकुरात ओढून घेतो. यात लबाडी कुठेच नाही. उलट एकही पवित्र अक्षर आपल्या हातून सुटू नये ही भीती आहे. त्यामुळेच महाभारत वाढत गेलं. प्रक्षिप्त म्हटलं की आपल्याला कोणीतरी कपटाने घुसडलेलं असं वाटतं, ते बहुतांशी चूक आहे. त्या भागांचा मोठा हिस्सा भक्तीनेच घातलाय.

आणि इथेच पाठ निवडण्याचे नियम निघतात. नकलणारा सहसा जाणूनबुजून गाळत नाही, भर घालतो. म्हणून एक परंपरा एखादा भाग सांगते आणि दुसरी त्याबद्दल गप्प आहे, असं झालं तर आधी गप्प असणाऱ्या परंपरेचं ऐकायचं. नकलणारा कठीण शब्द सोपा करतो, सोपा शब्द कठीण करत नाही. म्हणून दोन पाठांत अवघड पाठ जुना असण्याची शक्यता जास्त. आणि सगळ्यात भक्कम कसोटी म्हणजे काश्मीरच्या शारदा लिपीतली पोथी आणि केरळातली मल्याळम लिपीतली पोथी एकच पाठ देत असतील, तर तो त्यांनी एकमेकींकडून घेतलेला नसणार. मध्ये सगळा देश पडलाय, लिपी वेगळी, परंपरा वेगळी. तो पाठ दोघींच्या समान पूर्वजापासूनच आलेला असणार. कोर्टात एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन साक्षीदारांची जबानी जुळावी तसं हे. आदिपर्वासाठी जी मोलाची शारदा पोथी वापरली, ती भूर्जपत्रावरची होती, संस्कृतचे जर्मन पंडित ब्यूलर यांनी १८७५ च्या काश्मीर दौऱ्यात मिळवलेली आणि पुढे पुण्याच्या संग्रहात असलेली.

गणपतीचा प्रसंग या कसोटीवर टिकला नाही. एकमेकींपासून दूर असलेल्या परंपरांची साक्ष त्याच्या बाजूने उभी राहिली नाही, म्हणून तो मूळ मजकुरातून परिशिष्टात गेला. सुकथनकरांना गणपतीचं वावडं होतं म्हणून हे घडलं असं जर कुणाला वाटत असेल, तर त्याच नियमाने काय काय बाहेर गेलं ते बघावं. युधिष्ठिराचं आणि अर्जुनाचं दुर्गास्तोत्र गेलं, अर्जुनाला उर्वशीने दिलेला शाप गेला, आणि स्वयंवरात द्रौपदी भर सभेत कर्णाला ‘मी सूताला वरणार नाही’ म्हणते तो श्लोकही गेला. शेवटचा तर कर्णाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे दोघेही पिढ्यान् पिढ्या वापरत आले होते. नियम सगळ्यांना सारखा लावला गेला, आणि माझ्या मते या आवृत्तीची खरी ताकद तिथे आहे.

मग कोणी म्हणेल, हा सगळा तर्क आहे, कशावरून बरोबर? याचंही उत्तर एकदा मिळालं. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळच्या राजगुरू हेमराज पंडितांकडून आदिपर्वाची एक फार जुनी ताडपत्रावरची पोथी उजेडात आली. सुकथनकरांनी १९३८ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. जी पोथी त्यांनी संपादनाच्या वेळी पाहिलीच नव्हती, तिच्यातल्या पाठांनी त्यांच्या संहितेला मोठा दुजोरा दिला. आधी बांधलेला अंदाज नंतर हाती आलेल्या साक्षीवर असा तपासता येणं, यालाच पुरावा म्हणतात.

तरी सुकथनकरांनी कधी ही व्यासांची मूळ संहिता आहे असं म्हटलं नाही. हाताशी असलेल्या पोथ्यांवरून जितकं मागे जाता येतं तितकं गेलेलं हे सगळ्यात जुनं रूप, एवढाच त्यांचा दावा. जिथे खात्री कमी, तिथे त्या शब्दाखाली नागमोडी रेघ छापली आहे. ती रेघ मला फार आवडते. पुराव्याने बोलणाऱ्याला आपली खात्री कुठे संपते ते त्याच पानावर, त्याच शब्दाखाली दाखवता आलं पाहिजे.

हे सगळं परक्यांचं शास्त्र, आपल्या परंपरेत असं कोणी करत नव्हतं, असा एक आक्षेप नेहमी येतो. त्याला उत्तर दरवर्षी आषाढात पुण्याच्या पेठांतूनच जातं. पालख्या नाना आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात, ठिकठिकाणी ज्ञानेश्वरीचं पारायण चालू असतं, आणि जी ज्ञानेश्वरी वाचली जाते तिच्या शेवटी नाथांच्या ओव्या असतात. शके १२१२ मध्ये झालेला हा ग्रंथ तीनशे वर्षांत इतक्या हातांतून गेला की पाठ बिघडले. एकनाथ महाराजांनी पोथ्या पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तो शुद्ध केला. ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध, परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध’ असं त्यांनी कारण दिलंय. मूळ ग्रंथ निर्मळ आहे, बिघाड नकला करण्यात झाला, हे त्यांचं निदान. आणि पुढे इशारा दिला की ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नारळाची रिकामी करवंटी! संतांनी प्रक्षेपाविषयी याहून कडक काय बोलायचं?

पण त्यांनी स्वतःच्या ओव्याही लिहिल्या, आणि त्या कुठे ठेवल्या ते बघा. ग्रंथ संपल्यावर, वेगळ्या, शकासकट, संवत्सराच्या नावासकट आणि स्वतःच्या नावासकट. कोणी केलं, कधी केलं, हे लपवलं नाही. आजच्या शब्दांत सांगायचं तर त्यांनी आपला मजकूर परिशिष्टात ठेवला. श्रद्धा कमी होती म्हणून त्यांनी पाठ तपासले असं म्हणायची कुणाची छाती आहे?

दुसरं उदाहरण कोपरगावच्या नीलकंठ चतुर्धरांचं. सतराव्या शतकात काशीला बसून त्यांनी महाभारतावर टीका लिहिली, आणि आरंभीच सांगितलं की वेगवेगळ्या देशांतल्या पुष्कळ पोथ्या गोळा करून उत्तम पाठ ठरवला आहे. फरक इतकाच की त्यांना सुंदर आणि उपयुक्त असं काहीही सुटू द्यायचं नव्हतं. त्यामुळे त्यांची प्रत भरघोस झाली, आणि छापखाने आल्यावर तीच घरोघर गेली. पुण्यातल्या चित्रशाळा प्रेसने १९२९ पासून हीच प्रत नीलकंठी टीकेसह छापली. म्हणजे एकाच दशकात, एकाच शहरात, महाभारताच्या दोन प्रती छापून निघत होत्या. एकीत गणपती लिहीत होता, दुसरीत त्याचा प्रसंग परिशिष्टात होता. पुणेकरांनी दोन्ही विकत घेतल्या. एक पारायणाला, एक अभ्यासाला.

आता द्रौपदीकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे होते. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते आणि तो वस्त्रं पुरवतो, हे प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. सभापर्वाचं संपादन येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी केलं, ते १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं. पोथ्यांच्या साक्षीवरून त्यांना धावा बाहेर ठेवावा लागला. उरला तो श्लोक इतकंच सांगतो की वस्त्र ओढलं जात असताना तसंच दुसरं वस्त्र पुन्हा पुन्हा प्रकट होत राहिलं. कोणी दिलं, ते नाही. कृष्णाचं नाव नाही. एजर्टन यांनी असा अर्थ सुचवला की विश्वातली न्यायव्यवस्थाच आपसूक आड आली. वस्त्रं वाढण्याचा चमत्कार मात्र तसाच राहिला, हे ध्यानात घ्या. पाठचिकित्सेला चमत्काराशी देणंघेणं नसतं. पोथ्यांत आहे की नाही, एवढंच ती विचारते.

पण प्रकरण इथे मिटत नाही. त्याच चिकित्सित आवृत्तीत, सुशीलकुमार डे यांनी १९४० मध्ये संपादित केलेल्या उद्योगपर्वात, अठ्ठावन्नाव्या अध्यायात कृष्ण संजयाला सांगतो, ‘मी दूर असताना कृष्णेने (म्हणजे द्रौपदीने) गोविंद म्हणून मला हाक मारली, ते ऋण वाढतच चाललंय, माझ्या हृदयातून जात नाही.’ हा श्लोक पोथ्यांच्या साक्षीवर टिकला आहे. मग सभेत हाक नाही आणि कृष्णाला मात्र ती ऐकू आली, याचा अर्थ काय? काही अभ्यासक म्हणतात, हाकेची गोष्ट सभापर्वातही जुनीच असावी. काही म्हणतात, हाक मारली एवढंच उद्योगपर्व सांगतं, वस्त्रं कोणी दिली ते नाही. आणि मला असंही वाटतं की ज्या कुणी सभापर्वात धावा घातला, त्याने उद्योगपर्वातलं हे ऋण वाचूनच घातला असेल. त्याला तिथली जागा मोकळी दिसली आणि सहन झाली नाही. हा माझा तर्क आहे, त्याच्याखाली नागमोडी रेघ समजावी.

‘वस्त्रहरणात कृष्ण नव्हताच, भांडारकरवाल्यांनी सिद्ध केलंय’ असं जो भाषणात ठोकतो, तो पुराव्याच्या नावावर पुराव्याहून जास्त बोलतो. आवृत्ती सांगते, जुन्या पोथ्यांच्या समान पूर्वजात धावा नव्हता. त्यावरून कृष्णाविषयी काहीच निघत नाही. आणि ‘आमच्या पोथीत आहे म्हणजे व्यासांनीच लिहिलंय’ म्हणणारा श्रद्धेच्या नावावर पोथीच्या वयाबद्दल दावा करतो. तो दावा मग तपासला जाणारच. द्रौपदीची हाक ऐकून कुणाचे डोळे भरून येतात, त्याला कुठल्याही शारदा पोथीचा दाखला लागत नाही. पण ती हाक अमुक शतकातली आहे असं म्हटलं की तो पाठभेदाच्या तक्त्यापुढे येऊन बसला, आणि तिथले नियम त्यालाही लागू झाले.

पुरावा नेहमी कमीच करतो असंही नाही. गीतेचं बघा. प्रचलित भीष्मपर्वात गीतेचे श्लोक मोजून दिलेत: कृष्णाचे ६२०, अर्जुनाचे ५७, संजयाचे ६७, धृतराष्ट्राचा १, एकूण ७४५. यावरून पंचेचाळीस श्लोक हरवले असं मानून ते शोधायची बरीच खटपट झाली. बेलवलकरांनी १९४७ मध्ये भीष्मपर्व सिद्ध केलं तेव्हा पोथ्यांची साक्ष ७०० च्या बाजूने पडली, आणि शंकराचार्यांचं भाष्यही सातशेच सांगतं. घरोघर म्हटली जाणारी गीता जशीच्या तशी राहिली.

ज्याला एखादा श्लोक स्वतः तपासायचा असेल, त्याने आधी नीलकंठी प्रतीतला अध्याय आणि क्रमांक शोधावा, मग चिकित्सित आवृत्तीत तोच प्रसंग काढावा. अध्यायांचे आकडे जुळत नाहीत, तिथे बरेच जण हार मानतात. आजूबाजूच्या श्लोकांवरून जागा पकडावी. मजकुरात नसेल तर पानाच्या तळाशी तारांकित ओळी बघाव्यात, भाग लांबलचक असेल तर परिशिष्ट. तिथे कुठल्या पोथ्यांत हा भाग आहे ते संक्षेपाने दिलेलं असतं: के म्हणजे काश्मिरी परंपरा, बी बंगाली, डी देवनागरी, टी तेलुगू, जी ग्रंथ, एम मल्याळम. नुसतं डी आणि बी दिसलं तर भाग उत्तरेतच वाढलेला असण्याची शक्यता मोठी. नुसतं टी आणि जी दिसलं तर दक्षिणेत. आणि एकट्या खंडावर थांबू नये, दुसऱ्या पर्वात तोच प्रसंग कोणी आठवलाय का तेही बघावं. उद्योगपर्वातला तो ऋणाचा श्लोक असाच हाती लागतो.

सुकथनकरांनी १९४२ मध्ये मुंबई विद्यापीठासाठी महाभारताच्या अर्थावर व्याख्यानं तयार केली. आयुष्यभर अक्षरं मोजलेला माणूस तिथे म्हणतो की हा ग्रंथ तीन पातळ्यांवर वाचायचा, व्यवहाराच्या, नीतीच्या आणि अध्यात्माच्या. चौथं व्याख्यान राहिलं. २१ जानेवारी १९४३ ला ते गेले.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलणारा एक श्लोक लिहून ठेवायचा: पाठ, कंबर, मान मोडली, दृष्टी थिजली, खाली मान घालून कष्टाने हा ग्रंथ लिहिलाय, जपून ठेवा. हाताने लिहिलेली ती पानं बासनात गुंडाळून पुण्यापर्यंत आली. त्यांतलं जे मूळ संहितेत बसलं नाही तेही फेकलं नाही. आदिपर्वाच्या परिशिष्टात पहिल्या क्रमांकावर ब्रह्मदेव येतात, व्यास नमस्कार करतात, गणपती आपली अट सांगतो. त्या ओळींच्या खाली बारीक टाइपात, ज्या ज्या पोथ्यांत हा प्रसंग आहे त्यांचे पाठभेद छापलेत, कुठल्या पोथीत कुठलं अक्षर वेगळं, एकेक करून, वरच्या संहितेला लावला तोच काटा लावून.